सोडियमशेजारी कॉस्टिक सोडा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधलं कपाट आवरतेय. एकाच फळीवर सोडियमची बाटली आणि कॉस्टिक सोड्याचा डबा! डब्याचं झाकण सैल. हवेतली ओल ओढून आतल्या गोळ्यांचा चिकट लगदा झालाय आणि तो फळीवर ओघळलाय. बाटलीतलं रॉकेल इतकं उडालंय की सोडियम निम्मं उघडं, वर पांढरा थर. सर म्हणतात, दोन्ही अल्कलीच, काही होत नाही. अहो, पण त्या लगद्यातलं पाणी सोडियमला लागलं तर हायड्रोजन सुटून पेटेल की! मागे पोटॅशियमही आहे, पिवळट पडलेलं. त्याला मी हातही लावलेला नाही. सोडियमवर आत्ता लिक्विड पॅराफिन ओतलं तर चालेल ना? आणि हे सगळं नष्ट करायला कोणाकडे द्यायचं? शिपाईमामा बेसिनमध्ये ओतायला निघाले होते, कसंबसं थांबवलंय.