सुनावणी, साक्ष की झाडाझडती?

सबटायटलवाली
मंडळी, मदत हवी आहे. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमधल्या कामकाजाच्या एका चित्रफितीला मराठी सबटायटल्स करायची आहेत. तिथे या प्रकाराला नुसतं 'एस्टिमेट्स' म्हणतात. खात्यांनी अर्थसंकल्पात मागितलेल्या पैशांबद्दल सिनेटर मंडळी अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. मंत्री शेजारी असतो, पण बारीकसारीक उत्तरं खात्याचा सचिव आणि त्याची माणसं देतात. मी सगळीकडे 'सुनावणी' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून सगळीकडे 'साक्ष' केलं. मला 'साक्ष' म्हटलं की पिंजरा आणि शपथ आठवते.

दुसरा पेच: उत्तर हाताशी नसलं की अधिकारी म्हणतो, 'आय विल टेक दॅट ऑन नोटिस'. म्हणजे आत्ता सांगत नाही, नंतर लेखी देतो. मी 'नोंद घेतो' लिहिलंय, पण त्यात नंतर उत्तर देण्याचं बंधन येत नाही. सबटायटलमध्ये जागा अगदी कमी असते. शुक्रवारी द्यायचंय.

टिपणी
बाई बरोबर आहेत. विधानमंडळाच्या समित्यांपुढे सचिवांची 'साक्ष' होते. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायत राज समिती, कुठेही हाच शब्द. मंत्रालयात "उद्या साहेबांची साक्ष आहे" एवढं कळलं की अख्खी शाखा रात्री उशिराच्या लोकलने घरी जायची. सुनावणी अपिलाची असते. तिथे दोन पक्ष असतात आणि मधे ऐकणारा असतो. समितीपुढे एकच पक्ष, आणि तो म्हणजे आपण.

फोर्टातला वकील
काका, आदर राखून असहमत. साक्षीदार त्रयस्थ असतो. लोकलेखा समितीपुढे येणारा सचिव त्रयस्थ कसा? कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, खात्याच्या खर्चावर आक्षेपाचा परिच्छेद लिहिलेला, पैसा खात्याने उधळलेला, आणि खुलासा करायला खात्याचाच प्रमुख. आमच्या कोर्टात त्याला प्रतिवादी म्हणतील. 'साक्ष' हा फार सभ्य शब्द झाला.

पार्लेकर मास्तर
शब्दाचं मूळ बघा. पाणिनीचं सूत्र आहे, 'साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्'. ज्याने प्रत्यक्ष पाहिलं तो साक्षी. आता सांगा, जो खर्च होऊन चार-पाच वर्षं उलटली त्याबद्दल परवा बदलून आलेला सचिव काय 'पाहिलेलं' सांगणार? व्युत्पत्तीप्रमाणे साक्षी एकच, फाइल.

टिपणी
हसा मास्तर. पण साक्ष पदाची असते, माणसाची नसते. "तेव्हा मी नव्हतो" असं समितीपुढे म्हणून बघा, म्हणजे कळेल.

प्रेसरूम
आमच्या धंद्यात दोन्ही चालत नाहीत. मथळ्यात 'साक्ष' टाकलं तर वाचक पुढच्या पानावर. आम्ही लिहितो 'झाडाझडती', 'धारेवर धरले', 'फैलावर घेतले'. गंमत अशी की समितीच्या बैठका बंद दाराआड असतात. अहवाल सभागृहात मांडला जाण्याआधी आतलं छापलं तर हक्कभंगाची टांगती तलवार. म्हणजे झाडाझडती झाली हे आम्ही बाहेर येणाऱ्या साहेबांच्या चेहऱ्यावरून ठरवतो.

ताई, तुमच्या कामासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातलं उघड्यावर चालतं, थेट प्रक्षेपण होतं. 'साक्ष' लिहिलंत तर मराठी वाचकाला बंद खोली दिसेल.

सबटायटलवाली
बंद खोलीचं लक्षातच आलं नव्हतं. मग 'जाहीर साक्ष'?

फोर्टातला वकील
'जाहीर साक्ष' म्हणजे काय, चौकात उभं करून?

वऱ्हाडी ठाण्यात
तुम्ही सगळे मुंबईचे, म्हणून सचिवावर अडलात. आमच्या गावाकडं पंचायत राज समितीला कोणी तिच्या नावानं ओळखतच नाही. "पीआरसी येऊन राहिली" एवढंच. माझे वडील ग्रामसेवक. पीआरसीचा दौरा लागला की दफ्तर अद्ययावत, शाळेला चुना, शौचालयाला कुलूप. आणि बंद खोलीचं म्हणाल तर आमच्याकडं समिती थेट गावात उतरे. आमदार रोकडवही उघडून विचारत, "हे पैसे कुठं गेले?" याला साक्ष म्हणाल का सुनावणी? वडील म्हणायचे 'तपासणी'.

अवांतर: 'फैलावर घेणे' मधला फैल आमच्या अकोल्यातल्या अकोट फैल वस्तीतला असावा. हलके घ्या.

शुद्धलेखनी
अकोट फैल हे मुळात अकोट फाईल, इंग्रजी शब्द. 'फैलावर घेणे' त्याहून जुनं असणार.

वऱ्हाडी ठाण्यात
'असणार' म्हणजे पुरावा नाही ना? मग माझंही असू द्या.

टिपणी
'ऑन नोटिस'कडे वळू. आपल्याकडे मंत्री म्हणतात, "माहिती घेऊन पटलावर ठेवतो." सरळ तेच वापरा.

शुद्धलेखनी
'पटल' हिंदीतून आलाय, लोकसभेच्या 'सभा पटला'वरून. मराठीत पटल डोळ्यावर येतं. आपल्या विधानमंडळाच्या कागदांवर 'सभागृहासमोर ठेवणे' असा स्वच्छ प्रयोग असताना हे कशाला?

पार्लेकर मास्तर
संस्कृतात पटल म्हणजे आवरण, थर, छप्पर. मेज हा अर्थ त्यात नाही. मला तर डोळ्यावरचं पटलच पटतं. आश्वासनाचा कागद तिथे ठेवला की पुढे कुणाला दिसत नाही.

प्रेसरूम
मास्तर, त्यासाठी आश्वासन समिती आहे हो. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघणं एवढंच तिचं काम. आणि मेजावरून आठवलं. ब्रिटनमध्ये एखादा विषय 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला सारला. त्यापेक्षा आपलं 'समोर ठेवणे' बरं.

सबटायटलवाली
पण सिनेटचा अधिकारी सभागृहासमोर ठेवत नाही, समितीला लेखी कळवतो. समिती तारीखही ठरवून देते.

फोर्टातला वकील
मग 'लेखी कळवतो' लिहा आणि मोकळ्या व्हा.

टिपणी
सगळ्यात सोपं हेच आहे, पण त्यात 'नोटिस' कुठे आली? आपल्याकडे या एका शब्दाने गोंधळ घातलाय. लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अल्प सूचना प्रश्न. पहिल्यात सूचना म्हणजे आगाऊ कळवलेला विषय, दुसऱ्यात प्रस्ताव, तिसऱ्यात मुदत. शिवाय साहेब शिपायाला देतात तीही सूचना.

चाळ क्र. ३
कपात सूचनेबद्दल एक शंका. आमच्या कॉलेजात सर सांगायचे की खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा असा प्रस्ताव असतो. कोट्यवधींच्या मागणीत शंभर रुपये?

टिपणी
लोकसभेत तीन प्रकार आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कापा म्हणायचं. आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शंभर रुपये. पैसे कापले जाणं हा हेतूच नसतो. त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने तालुक्याच्या पुलावर बोलायला मिळतं. मंत्र्याने उत्तर दिलं की सदस्य बहुतेक वेळा सूचना मागे घेतो. सरकारची मागणीच मंजूर झाली नाही तर तो सरकारवरचा अविश्वास समजतात, म्हणून सत्ताधारी बाकांवर हजेरी लागते.

शुद्धलेखनी
मूळ प्रश्नात 'एस्टिमेट्स' आहे आणि कुणी त्याकडे पाहिलं नाही. हिंदीत 'प्राक्कलन समिति' हे किती नेमकं नाव. आपण फारसी 'अंदाज' घेऊन बसलोय. सरकारी हिशेब आणि अंदाज!

पार्लेकर मास्तर
अहो, हिंदीतून आलेलं 'पटल' नको आणि हिंदीतलंच 'प्राक्कलन' हवं? फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. त्यातूनच तीरंदाज, त्यातूनच गोलंदाज. गोलंदाज आधी तोफेवर होता, मग शिवाजी पार्कवर आला.

चाळ क्र. ३
म्हणजे अंदाजपत्रक म्हणजे फेकलेले आकडे!

शुद्धलेखनी
मोजमापाचा अंदाज वेगळा आणि फेकण्याचा वेगळा. मास्तर दोन्हींची खिचडी करतायत.

पार्लेकर मास्तर
वेगळा असल्याचा दाखला द्या. मी वाट बघतो. 'अर्थसंकल्प' या शब्दाचं श्रेय सावरकरांना दिलं जातं, तो शब्द आता इतका रुळलाय की कुणी बजेट म्हटलं तर आपणच टोकतो. आणि त्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत रकाने कोणते? 'अर्थसंकल्पीय अंदाज' आणि 'सुधारित अंदाज'. संस्कृत आणि फारसी एका ओळीत सुखाने नांदतायत, मग भांडण आपल्यातच का?

प्रेसरूम
ताई, तरीही 'अंदाज समिती' लिहू नका. संसदेची अंदाज समिती १९५० पासून आहे, ३० सदस्य, सगळे लोकसभेचे. मंत्री त्यात सदस्य होऊ शकत नाही. ती काही विषय निवडते, काटकसर कुठे करता येईल ते सुचवते. तिच्या अहवालासाठी मागण्या थांबत नाहीत. सिनेटच्या 'एस्टिमेट्स'शी त्यातल्या त्यात जवळचं काही असेल तर १९९३ पासूनच्या विभागनिहाय स्थायी समित्या. त्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावतात. पण दार पुन्हा बंद.

सबटायटलवाली
मग 'खर्च छाननी' म्हणू का? निदान खोटं तरी ठरणार नाही.

टिपणी
छाननी कागदाची होते, माणसाची नव्हे.

वऱ्हाडी ठाण्यात
उमेदवारी अर्जाची होते.

सबटायटलवाली
आज 'खर्चाची जाहीर छाननी' पाठवलं. बाईंचं उत्तर आलं: 'साक्ष'. 'ऑन नोटिस'ला मात्र त्यांनी 'लेखी कळवतो' मान्य केलं.

चाळ क्र. ३
तारांकित प्रश्नाबद्दल, म्हणजे ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर मागतात त्याबद्दल, कुणी का बोलत नाही? मला त्याचं मराठी फार आवडतं. प्रत्येक प्रश्न "हे खरे आहे काय" असा सुरू होतो.

टिपणी
आता माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. नोकरीचा बराच काळ एलएक्यूंची, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नांची, उत्तरं लिहिण्यात गेला. साचा ठरलेला. सन्माननीय मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय. एक, अमुक ठिकाणी अमुक घडले हे खरे आहे काय. दोन, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. तीन, असल्यास चौकशीत काय आढळून आले. चार, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. आणि उत्तराच्या तीनच जाती. 'हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' शेवटच्या उपप्रश्नाला ठरलेलं उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

नवखा कारकून 'हे खरे नाही' लिहून मोकळा होतो. मुरलेला 'अंशतः' लिहितो. कारण सभागृहात मंत्री उभा राहिल्यावर पुरवणी प्रश्न येतात, आणि तेव्हा मागच्या गॅलरीतून चिठ्ठी पाठवायची जबाबदारी त्याच्याच साहेबांवर असते. 'अंशतः' लिहिलं की मंत्र्याला दोन्हीकडे सरकायला जागा राहते.

फोर्टातला वकील
काका, 'अंशतः खरे' म्हणजे कायद्यात खोटंच.

टिपणी
कायद्यात असेल. प्रश्नोत्तराच्या तासात तो बचावाचा उत्तम प्रकार आहे. आणि 'खरे आहे काय' या रचनेमुळे सदस्यही बांधला जातो. त्याला आधी आरोपाचा मजकूर पक्का करावा लागतो, तारीख, गाव, रक्कम. एक तपशील चुकला की खातं आनंदाने 'हे खरे नाही' म्हणतं. रक्कम दोन कोटी ऐवजी तीन कोटी लिहिली म्हणून एक प्रश्न आमच्या शाखेतूनच 'खरे नाही' होऊन परत गेलेला मला ठाऊक आहे. घोटाळा होता, फक्त दोन कोटींचा.

प्रेसरूम
हे खरे आहे.

पार्लेकर मास्तर
'उद्भवत नाही' हा प्रयोग मात्र मराठी नाही. इंग्रजी 'डझ नॉट अराइज'चं सरळ रूपांतर आहे. मराठीत रोग उद्भवतो, वाद उद्भवतो. प्रश्न येतो किंवा पडतो.

शुद्धलेखनी
प्रश्न उद्भवतोच की. 'असा प्रश्न उद्भवतो' हे आम्ही शाळेत निबंधात लिहायचो.

पार्लेकर मास्तर
निबंध सरकारीच होते तुमचे.

वऱ्हाडी ठाण्यात
मास्तर, मग 'शून्य प्रहरा'चं, म्हणजे सदस्य तातडीचे विषय मांडतात त्या वेळेचं, काय करता? प्रहर तीन तासांचा. लोकसभेत तो प्रश्नोत्तरांनंतर बाराला सुरू होतो. तीन तास चालला तर सदस्यांनी जेवायचं कधी?

पार्लेकर मास्तर
आठ प्रहरांचा दिवस, म्हणून तीन तास. हे बरोबर. पण तिथे 'प्रहर' हा कालमापनाचा शब्द नसून...

शुद्धलेखनी
नसून काय? फेकण्याचा?

टिपणी
त्याला हिंदीत 'शून्यकाल' म्हणतात आणि तो बरा आहे. आता शुद्धलेखनी मला हिंदीचा हस्तक ठरवणार.

शुद्धलेखनी
ठरवलंच. 'शून्य घटका' म्हणा. घटका चोवीस मिनिटांची, तेवढ्यात आटोपतं बहुतेक.

फोर्टातला वकील
चोवीस मिनिटांत आटोपलेला शून्य प्रहर मला दाखवा. मुळात तो नियमांत लिहिलेलाच नाही, मग त्याला मापाचा शब्द हवाच कशाला?