मराठी माध्यमातून नववी झाली, आता कॅलिफोर्नियात दहावी. विषय कसे निवडावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये साताऱ्याहून बे एरियात आलो. मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववी पास झाली आहे आणि ऑगस्टमध्ये इथे दहावीत जाईल. सोमवारी काउन्सेलरबरोबर विषय ठरवायची मीटिंग आहे. त्याआधी ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांच्याशी बोलायचं आहे.

इथे बोर्डाची परीक्षा नाही, नववी ते बारावी ठरावीक विषयांची क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्याचे गुणांक) जमली की डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मिळतो, इतपत कळलंय. राज्याच्या किमान अटीत इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं ३, पीई (शारीरिक शिक्षण) २ वगैरे येतं. त्यावर आपल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या अटी. आणि यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) अर्ज करायचा तर ए-टू-जी नावाची वेगळीच यादी: एकूण १५ विषय, त्यात इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, इंग्रजीव्यतिरिक्त भाषा २, सगळीकडे किमान सी ग्रेड. म्हणजे डिप्लोमा मिळूनही यूसीचा दरवाजा बंद राहू शकतो.

माझी खरी काळजी गणिताची. प्रगतिपुस्तकात नुसतं 'गणित' लिहिलंय, म्हणून कच्च्या वेळापत्रकात तिला अल्जिब्रा १ (सुरुवातीचं बीजगणित) दिलंय. तिने वर्षभर दोन पुस्तकं केली आहेत हो! भाग १ मध्ये बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणं. भाग २ मध्ये समांतर रेषा, त्रिकोण, वर्तुळ, त्रिकोणमितीची सुरुवात. प्रमेयं सिद्ध करायला तिला मनापासून आवडतं. आता अल्जिब्रा १ घेतलं तर अकरावीत जिऑमेट्री, बारावीत अल्जिब्रा २ आणि तिथेच संपलं. तिला इंजिनीअरिंगला जायचंय. हे बदलून मागता येतं का? आणि भाषेसाठी आता पहिल्यापासून स्पॅनिश करावं लागणार का? पोरगी आधीच इंग्रजीच्या धास्तीने गप्प झाली आहे. तिच्यावर एकदम सगळं लादायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, आधी भाषेचं सांगते, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीव्यतिरिक्त माध्यमाच्या शाळेत सी किंवा वरच्या ग्रेडने झाली असतील, तर यूसीची दोन वर्षांची भाषेची अट त्यात भागते. म्हणजे तिची सहावी ते नववी कामाला आली. शाळेकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र मागवा: शिक्षणाचं माध्यम मराठी, कोणत्या इयत्ता, कोणती वर्षं. निकालपत्रंही सोबत जोडा. डिस्ट्रिक्टची भाषेची अट वेगळी आहे का, ते मात्र काउन्सेलरलाच विचारा.

गणितात नुसती विनंती करू नका, प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या पातळीचा वर्ग द्यायचा ते ठरवणारी चाचणी) मागा. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत घेऊन जा. अल्जिब्रा १ मधली वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीच्या भाग १ मध्ये येतात, तेवढं तिचं राहिलंय. बालभारतीच्या साइटवरून तो भाग मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही उतरवून घ्या. धडे तेच आहेत, त्यामुळे मराठीत समजून घेऊन शेजारी इंग्रजी ठेवून तीच उदाहरणं सोडवता येतात. आमच्या भाच्याने असंच केलं होतं.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यात भर. पुढे अल्जिब्रा २ सी ग्रेडने झालं की यूसी अल्जिब्रा १ झाल्याचं धरून चालते. जिऑमेट्रीला ही सवलत नाही, तो विषय करावाच लागतो. म्हणून यंदा जिऑमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस. कॅल्क्युलसपर्यंत पोचायचंच असेल तर एखाद्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा कोर्स घ्या. तिथलं एक सेमिस्टर साधारणपणे यूसी शाळेच्या एका वर्षाइतकं मोजते. पहिल्याच वर्षी गणिताचे दोन वर्ग एकत्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डिप्लोमासाठी राज्याला अल्जिब्रा १ लागतं, त्यामुळे नववीच्या गणिताचं क्रेडिट कोणत्या नावाने देताय ते लेखी घ्या.

नववीच्या मार्कांचं दडपण घेऊ नका. यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) दहावी-अकरावीच्या ग्रेड येतात, नववीत विषयात किमान सी ग्रेड असली की पुरे. आणि निकालपत्रातली आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी दाखवून पीईचं क्रेडिट जरूर मागा. लोक ते सोडून देतात आणि मग मुलांना वेळापत्रकात तो तास नंतर कोंबावा लागतो.

एक राहिलं. घरी मराठी बोलता असं फॉर्मवर लिहिलं की तिची ईएलपीएसी ही इंग्रजी किती येतं ते बघणारी चाचणी होईल. त्यावरून ईएलडीचा, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचा, वर्ग मिळाला तर यूसीच्या चार वर्षांच्या इंग्रजीत त्याचं एकच वर्ष धरतात. दुसऱ्या वर्षी नियमित इंग्रजीत जाता येईल ना, हे सोमवारीच विचारून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. माध्यमाच्या पत्राचं तर आम्हाला सुचलंच नसतं. तिच्या वर्गशिक्षिकांना आत्ताच मेसेज केलाय, साताऱ्यात सकाळ झाली की बघतील. लेक दहावीचं पुस्तक उतरवून बसली आहे. प्लेसमेंट टेस्टमध्ये कॅल्क्युलेटर चालतो का, आणि नापास झाल्यास परत देता येते का, हे कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा.