'कट्यार' पडद्यावर आली, आता 'शिवाजी अंडरग्राउंड'ही यावं का?

गोदाकाठ, गंगाखेड

माझ्या वडिलांनी 'कट्यार काळजात घुसली' उभ्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं, पाहिलं मात्र एकदाही नाही. ते भजनी मंडळात पेटी धरायचे. घरात 'कट्यार'च्या पदांची एकच कॅसेट. तिची फीत गुंतली की पेन्सिल घालून हळूहळू फिरवत बसायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. नाटक १९६७ चं. लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खांसाहेब झाले वसंतराव देशपांडे. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, पण आमच्या घरापर्यंत पोचला तो नुसता आवाज.

२०१५ च्या दिवाळी पाडव्याला सुबोध भावेंचा सिनेमा लागला आणि मी त्यांना परभणीला घेऊन गेलो. सबंध वेळ त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ताल देत होता. खांसाहेब गायला बसले आणि तो हात थांबला. चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं ऐकलं, माणूस आज बघितला."

म्हणून माझं ठाम मत आहे की लोकांच्या जिवातलं संगीत नाटक पडद्यावर आलंच पाहिजे. पुढचं नाव मी आपल्या मराठवाड्यातलंच सुचवतो, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ सालचं, जालन्याच्या मातीतलं नाटक. राजकुमार तांगडेंनी लिहिलं, संकल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं, आणि काम करणारी पोरं बरीचशी शेतकऱ्यांची. यम जिरेटोप हातात घेऊन तो कुणाच्या डोक्याला बसतो हे शोधत फिरतो, एवढ्या एका कल्पनेवर अख्खा सिनेमा उभा राहील. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यापर्यंत ते जायचं कसं? प्रयोग किती गावांना होणार?

डग्गा, अंबाजोगाई

दादा, वडिलांचं वाचून गलबलून आलं, तरी मी विरोधातच लिहिणार.

मी तबला वाजवतो. २०१० मध्ये 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आलं, राहुल देशपांडे खांसाहेब आणि महेश काळे सदाशिव. मी तो प्रयोग पुण्याला जाऊन पाहिला, पुढच्या रांगेत एकदम कडेला, जिथून पायपेटीवाल्याचे पाय दिसतात. एका पदात गाणारा वरच्या षड्जावर जाऊन थांबला. पायपेटीवाल्यानं सूर धरून ठेवला, तबलजीनं ठेका अगदी साधा केला आणि वाट बघत राहिला. तेवढ्यात माझ्या मागच्या एका आजोबांच्या तोंडून नकळत "अहाहा" निघालं. गाणाऱ्याची नजर क्षणभर तिकडं गेली, आणि तीच जागा त्यानं परत घेतली, या खेपेला वेगळ्या वाटेनं उतरला. ती तान त्या आजोबांनी घडवली. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात ती नव्हती, असणारच नव्हती.

सिनेमात काय होतं? गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं, मग नट त्यावर ओठ हलवतो. पद चार-पाच मिनिटांत आटपायचं. वन्समोअर मागायचा तर कुणाकडं? आजोबांनी कितीही दाद दिली तरी पडद्यावरचा खांसाहेब दर खेळाला तीच तान घेणार. ज्या कलेचा जीवच दर रात्री बदलण्यात आहे, तिची एक रात्र कायमची गोठवून तुम्ही तिला नाटकाचं नाव देता.

'मानापमान' घ्या. खाडिलकरांचं १९११ चं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, पन्नासाच्या वर पदं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी त्याचा संयुक्त प्रयोग केला, तो अजून लोक सांगतात. का? तर दोन मंडळ्यांचे दोन राजे एका रात्री एकमेकांसमोर उभे राहून गायले. २०२५ च्या जानेवारीत त्याच नाटकावर सिनेमा आला. माणसं सगळी गुणी, मेहनत दिसते, तरी मला त्यात 'मानापमान' सापडलं नाही. सापडली ती भव्यता. नाटकाची नायिका भामिनी, तिच्या "नाही मी बोलत नाथा" या रुसव्याला राजवाडा लागतच नाही. दोन माणसं आणि एक लाडिक सूर, बास झालं.

रातराणी, नांदेड

भाऊ, तुम्ही पुण्याला जाऊन पाहिलं म्हणायलात, तिथंच माझा मुद्दा आहे.

माझं गाव मुखेडच्या पुढं. कॉलेजच्या पाच वर्षांत मी नांदेडला दोन नाटकं पाहिली, दोन्ही वेळा मैत्रिणीच्या घरी मुक्कामाची परवानगी काढून. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटायला एक वाजतो, आणि गावाकडची मुक्कामी गाडी कधीच गेलेली असते. 'कट्यार' सिनेमा मात्र मी आईला घेऊन दुपारी बाराच्या खेळाला पाहिला आणि दिवेलागणीला घरी. तो जिवंत अनुभव कितीही थोर असू द्या, आमच्यासारख्या बायकांना त्याच्या दारापर्यंत जाताच येत नसेल तर तो आमच्यासाठी नसल्यातच जमा.

दुसरं, सिनेमानं नुसतं गोठवलं हे मला मान्य नाही. 'सूर निरागस हो' आणि 'अरुणी किरणी' मूळ नाटकात नाहीत, ती सिनेमासाठी नवी झाली. 'अरुणी किरणी'ला महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत 'सूर निरागस हो' प्रार्थनेला म्हणतात. मागं एका मुलीनं विचारलं, "बाई, हे आधी नाटक होतं ना, मग त्यातलं जुनं गाणं कसं होतं?" मी मोबाइलवर वसंतरावांचं 'तेजोनिधी लोहगोल' लावलं. सातवीचा वर्ग, शेवटचा तास, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सिनेमा नसता तर ती मुलगी वसंतरावांपर्यंत कुठून पोचली असती?

डग्गा, अंबाजोगाई

ताई, मुक्कामी गाडीच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही, खरं सांगतो. पण मग भांडायचं ते जिल्ह्या-तालुक्याला धड नाट्यगृह असावं, प्रयोग वेळेत सुटावेत, यासाठी. भूक लागलेल्याला जेवणाचा फोटो देऊ नका.

रातराणी, नांदेड

फोटो नाही भाऊ, शिदोरी म्हणा. आणि नाट्यगृह होईपर्यंत आमच्या दोन पिढ्या जातात, त्यांनी काय करायचं?

मास्तर, पैठण

एक जुनी गोष्ट. बालगंधर्व पडद्यावर आले ते १९३५ मध्ये, प्रभातच्या 'धर्मात्मा'त, आमच्या नाथमहाराजांच्या भूमिकेत. दिग्दर्शक व्ही. शांताराम. ज्यांच्या भामिनीसाठी महाराष्ट्र वेडा झाला, त्यांना शांतारामांनी शालू नेसवला नाही, 'मानापमान'ला कॅमेरा लावला नाही. पुरुषाची भूमिका आणि सिनेमासाठी घडवलेली गोष्ट दिली. मला हाच मार्ग पटतो. नाटक आहे तिथं राहू द्या, त्यातली माणसं घेऊन पडद्यासाठी नवं करा.

पोवाडा, जालना

'शिवाजी अंडरग्राउंड'चं नाव निघालं म्हणून लिहितो. माझा विरोध गायकीसाठी नाही, वेगळ्याच कारणासाठी आहे.

त्या नाटकाच्या शेवटाकडं शाहिरांचा सामना लागतो. महाराज कुणाचे, यावर दोन बाजू पोवाड्यातून भिडतात. मी पाहिला त्या प्रयोगाला सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं होती, शेजारी शेजारी. एका ओळीला डावीकडून टाळ्या, पुढच्या ओळीला उजवीकडून. मग एक ओळ अशी आली की कुणाचाच हात हलला नाही, सगळे एकमेकांकडं बघायलेत. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. पुढच्या कडव्याला त्यानं तो सोडला आणि टाळी दिली. हे मी बघितलं, त्यानंही मला बघताना बघितलं. शाहीर डफावर थाप मारून विचारतो तेव्हा तो अंधारातल्या गर्दीला विचारत नाही, तुमचं तोंड बघून विचारतो. पडद्यावर तो कॅमेऱ्याला विचारणार, आणि मी घरी सोफ्यावर बसून मान डोलावणार. ज्याला पटणार नाही तो बटण दाबून पुढं जाणार. नाटकात त्याला उठून, सगळ्यांच्या देखत दाराकडं जावं लागतं.

आणि भीती सांगू का? पोस्टरवर नाव चालायला पाहिजे म्हणून बाहेरचा मोठा नट आणतील, आणि त्याला जालन्याची बोली शिकवायला एक माणूस ठेवतील. ज्यांनी हे नाटक अंगावर वाढवलं ती पोरं मागच्या गर्दीत उभी राहतील. प्रयोग संपल्यावर त्यातला एक जण अंगावरचा पोशाख न उतरवता माझ्याशी कापसाच्या भावावर बोलत उभा होता. तो माणूस आणि ते नाटक वेगळं काढता येत नाही.

गोदाकाठ, गंगाखेड

तुमच्या शेजाऱ्यानं खुर्चीचा दांडा सोडला, ते वाचून माझं मत हललं. सगळं नाही, पण हललं.

तरी मला वाटतं की हे दाखवता येईल, फक्त स्टुडिओत नाही. शाहिरांचा तो सामना खऱ्या गावात, खऱ्या माणसांसमोर, पारावर लावायचा. गाणं जागेवर, एका दमात, ओठ हलवणं नको. चार कॅमेरे, त्यातले दोन कायम बघणाऱ्यांच्या तोंडावर. दांडा धरणारा आणि सोडणारा तो माणूस नाटकात तुम्ही एकट्यानं पाहिला. सिनेमात त्याचा चेहरा पडदाभर दिसेल, आणि गंगाखेडचा, मुखेडचा माणूस त्याच्यात स्वतःला बघेल. एवढं एकच काम सिनेमा नाटकापेक्षा चांगलं करतो. 'कट्यार'मध्येही मला सगळ्यात पटलं ते हेच. खांसाहेबांच्या हवेलीत नोकर बनून चोरून गाणं ऐकणाऱ्या सदाशिवाचे डोळे पडद्यावर जितके जवळून दिसले, तितके नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्याला कसे दिसतील?

नटांच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. तीच पोरं पाहिजेत. ती नसतील तर सिनेमा नको, हे मी माझ्याच सूचनेच्या विरोधात लिहितो.

डग्गा, अंबाजोगाई

जागेवर, एका दमात, ध्वनिमुद्रण समोर. हे झालं तर वाजवायला मी येतो, मानधन नको. पण 'कट्यार', 'मानापमान' यांच्याबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

पोवाडा, जालना

मग माझी आणखी एक अट घाला. पहिला खेळ मुंबईत नाही. आमच्या जिल्ह्यात, मैदानावर पडदा लावून, आणि खेळ झाल्यावर शाहीर पडद्यासमोर येऊन उभे राहिले पाहिजेत. ज्याला विचारायचं असेल त्यानं तोंडावर विचारावं.

रातराणी, नांदेड

आणि नांदेडला आणाल तेव्हा दुपारचा खेळ ठेवा. आमची मुक्कामी गाडी सातला सुटते.