कमी खर्चातला मदरबोर्ड: एच६१०, बी७६० की एएम५?

प्रश्न (अक्षरजुळणीकार, अकोला)

घरी नवा डेस्कटॉप जोडायचा आहे आणि मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीच्या, निवडीपाशी अडलो आहे. दिवसभर मराठी पुस्तकांची पानमांडणी, अधूनमधून छायाचित्रांचे काम आणि संध्याकाळी मुलीचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, असा त्याचा वापर राहील. गेम कोणी खेळत नाही, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. मॉनिटर जुनाच ठेवणार असून त्याला फक्त व्हीजीए ही जुन्या पद्धतीची चित्रजोडणी आहे. मॉनिटर सोडून एकूण खर्च चाळीस हजारांच्या आसपास ठेवायचा आहे. दुकानदार इंटेलच्या एच६१० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी चिप) बोर्ड आणि कोअर आय५-१२४०० प्रोसेसर सुचवतो. भाचा मात्र एएमडीच्या एएम५ सॉकेटचाच (बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) आग्रह धरतो, कारण पुढे प्रोसेसर बदलता येईल असे त्याचे म्हणणे आहे. संगणक निदान सात वर्षे चालावा अशी अपेक्षा आहे. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खोलीत पाण्याचा कूलर असतो, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद (पीसी-जोडणी)

आपल्या कामासाठी १२४०० योग्य आहे. मात्र बिलावर नावापुढे 'एफ' नाही याची खात्री करून घ्या, कारण एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही.

आता बोर्डाविषयी. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट मिळतात. अंगचे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरत असल्याने दोन पट्ट्या लावून ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, चालवणे हिताचे असते. आज ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, तर उद्या रॅम वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. शेकडो पानांचे पुस्तक, त्यातली चित्रे आणि शेजारी उघडे ब्राउझर यांना १६ जीबी लवकरच अपुरी पडेल. म्हणून एच६१० घ्यायचा असेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, नाहीतर थोडे पैसे वाढवून चार स्लॉटचा, डीडीआर४ चा (रॅमची जुनी पिढी; नवी ती डीडीआर५) बी७६० हा इंटेलच्याच वरच्या चिपसेटचा बोर्ड घ्या. बी७६० च्या स्वस्त बोर्डांतही काहींना दोनच स्लॉट असतात आणि एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ व डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळू शकतो, तेव्हा खोक्यावरचे पूर्ण मॉडेल नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एसएसडीबाबतही (फायली साठवणारा वेगवान ड्राइव्ह) फरक आहे. एच६१० मध्ये प्रोसेसरला थेट जोडलेला पीसीआयई ४.० चा (माहिती नेण्याचा वेगवान मार्ग) एम.२, म्हणजे एसएसडी बसवायच्या खाचेचा, मार्ग नसतो, त्यामुळे एसएसडी चिपसेटवरून ३.० च्या वेगाने चालते. पानमांडणीत हे सहसा जाणवणार नाही. खरी अडचण एम.२ ची जागा बहुधा एकच असण्याची आहे.

प्रतिसाद (रायझनवाला)

मला भाच्याचे म्हणणे पटते. १२४०० ज्यावर बसतो ते एलजीए१७०० हे सॉकेट इंटेलच्या प्रोसेसरांच्या चौदाव्या पिढीपाशी संपले आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने एलजीए१८५१ हे नवे सॉकेट आणले. एएमडीने एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे जाहीर केले आहे. शिवाय २०१६ मध्ये आलेल्या एएम४ या एएमडीच्या आधीच्या सॉकेटवर पुढे कितीतरी वर्षे नवे प्रोसेसर चालले, हे आपण पाहिले आहे. एएम५ वरच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरमध्येही पानमांडणीला पुरेसे अंगचे ग्राफिक्स आहेत. एएम५ ला डीडीआर५ च लागते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च वाढेल, हे मान्य करायला हवे.

प्रतिसाद (पीसी-जोडणी)

सॉकेटविषयीची माहिती बरोबर आहे, पण तिचा लाभ मधल्या काळात प्रोसेसर बदलणाऱ्यालाच होतो. ज्यांची उपजीविका संगणकावर आहे अशी माणसे चालते यंत्र सहसा उघडत नाहीत. इथे खर्चाची मर्यादा ठरलेली आहे, म्हणून खर्चातला तो फरक मी रॅम आणि चांगल्या पॉवर सप्लायवर घालवीन. शिवाय गरज पडलीच, तर याच सॉकेटवर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसतो.

प्रतिसाद (दुरुस्तीकार, नागपूर)

विदर्भातल्या उन्हाळ्याचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. प्रोसेसरला लागणारा कमी व्होल्टेजचा वीजप्रवाह बोर्डावरचा व्हीआरएम तयार करतो. १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅटची असली, तरी जोर लागल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. अगदी स्वस्त बोर्डांवर या भागाला हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, नसतो. खोलीच तापलेली असताना मोठ्या पुस्तकाची पीडीएफ काढायला लावली, तर व्हीआरएम तापून प्रोसेसरचा वेग उतरू शकतो. म्हणून चिपसेटच्या नावाइतकेच हीटसिंककडे लक्ष द्या आणि कॅबिनेटला मागे-पुढे पंखे ठेवा. कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, कारण धूळ आणि ओल एकत्र आली की बोर्डावर गंज धरतो. घरातले अर्थिंगही तपासून घ्या. व्हीजीए अनेक एच६१० आणि काही बी७६० बोर्डांवर अजून मिळते. नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲडॅप्टर चालेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चार स्लॉटचा, व्हीआरएमवर हीटसिंक असलेला डीडीआर४ चा बी७६० आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या असे ठरवत आहे. बिलावर बोर्डाचे पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करीन, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होणार नाही.