रहस्यपटातला खलनायक : 'असतो' की 'निघतो'?

रहस्यपटाच्या शेवटी जो खुनी ठरतो त्याला 'खलनायक' म्हणावं का? एका परीक्षणात वाचलं आणि खटकलं. दोन तास जो माणूस मुकाट्याने सगळ्यांना चहा देत होता, त्याला एकदम नायकपद? 'व्हिलन' सोडून दुसरा शब्द सुचवा.

*

खटकतंय ते बरोबर आहे. आपण बोलताना क्रियापद कोणतं वापरतो ते बघा. थरारपट पाहून आलेल्याला विचारतो, "व्हिलन कोण आहे?" तो नटाचं नाव सांगतो. रहस्यपट पाहून आलेल्याला विचारतो, "कोण निघाला?" आणि त्याने खरंच सांगितलं तर बाकीचे त्याच्या अंगावर धावून जातात. खलनायक असतो, खुनी निघतो.

थरारपटात दुष्ट कोण हे पहिल्यापासून माहीत असतं. त्याची एन्ट्री असते, अड्डा असतो, हाताखाली माणसं असतात. नायकाने त्याला गाठायचं कसं, एवढाच प्रश्न. रहस्यपटात यातलं काहीच देता येत नाही, दिलं की गुपित फुटलं. उलट त्याला चांगुलपणा द्यावा लागतो. 'ज्वेल थीफ' (१९६७) आठवा. रसभंग होईल, पण एवढ्या वर्षांनी माफ असावा. अशोककुमार शेवटाला चोर निघतात. प्रेक्षक फसतो तो पटकथेइतकाच त्या चेहऱ्यामुळे. दादामुनींवर संशय घेणार कोण? अशा पात्राला खलनायकपद मिळतं ते शेवटच्या रिळापुरतं. मग तो घाईघाईने सगळं उरकतो: कुत्सित हसतो, पिस्तूल रोखतो आणि कुणी न विचारता बेत सविस्तर सांगतो.

*

शास्त्राप्रमाणे शब्द 'प्रतिनायक'. धनंजयाच्या 'दशरूपका'त (नाट्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ, दहावं शतक) व्याख्याच आहे: 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः'. लोभी, उद्धट, ताठर, पापी, व्यसनी असा शत्रू.

*

पण त्यावरच्या भाष्यात उदाहरणं दिलीत ती रामासमोर रावण आणि युधिष्ठिरासमोर दुर्योधन! दोघेही उघड वैरी. रावण शेवटच्या अंकात 'निघत' नाही. तेव्हा प्रतिनायकही थरारपटाकडेच जातो. शिवाय 'स्तब्ध' म्हणजे ताठा असलेला, आणि रहस्यपटातल्या खुन्याला ताठा परवडत नाही.

*

'मुख्य सूत्रधार' कसा वाटतो? पेपरात रोज असतो, बहुतेक फरारच असतो. गंमत म्हणजे नाटकातला सूत्रधार सुरुवातीलाच नटीला घेऊन प्रेक्षकांसमोर येतो, आणि बातमीतला सूत्रधार सगळं झाल्यावरही सापडत नाही. रहस्यपटाला हा दुसरा अर्थ छान बसतो, फक्त कटामागे एकापेक्षा जास्त माणसं हवीत. एकट्याने रागाच्या भरात फुलदाणी डोक्यात घातली असेल तर कसला सूत्रधार!

*

'सामना' चित्रपटाचं काय करायचं? हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळूभाऊ, पहिल्यापासून समोर आहेत. गावात सत्ता त्यांची, कारखाना त्यांचा. तरी "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न सुटेपर्यंत चैन पडत नाही. इथे कोणीही 'निघत' नाही, आणि रहस्य तर आहे.

*

म्हणून तिथे खलनायक शब्द चालतो. प्रश्न 'कोणी' असा नाहीच, 'काय झालं' असा आहे. आणि डॉ. लागूंच्या मास्तरांशी पाटलांची समोरासमोर जुंपते. नावच 'सामना'. ज्याला नायकाच्या समोर बसून बोलता येतं तो खलनायक, असं मी म्हणेन.

*

बायकांचा विचार कोणी केला नाही. 'बिनधास्त'मध्ये (१९९९) जवळजवळ सगळी पात्रं बायकाच, म्हणजे संशयितही त्याच. तिथे 'खलनायिका' लिहून बघा. लगेच मालिकेतली भुवई उडवणारी जाऊबाई डोळ्यांसमोर येते. 'खुनी' निदान दोघांना चालतो.

*

ठरलं. थरारपटाला खलनायक, रहस्यपटाला खुनी, आणि कट मोठा असेल तर सूत्रधार. पण खून झालाच नसेल, नुसते दागिने गेले असतील तर?

*

अहो, 'चोर' म्हणा की.