काका लंगरची वेळ विसरत नाहीत, मग आधारची तारीख कशी विसरतात?

पेठकर_८७:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी रात्री स्वारगेट ते सारसबाग पट्ट्यात जेवणाची पाकिटं वाटतो. तिथे एक काका आहेत, साठीच्या आसपासचे, बारा-तेरा वर्षं फुटपाथवर. दारू नाही, बोलायला एकदम व्यवस्थित. दोनदा निवारा केंद्रात सोडून आलो, आठवड्याच्या आत परत जागेवर हजर. आधार काढायला तीनदा वेळ ठरवली, "सोमवारी अकराला इथेच थांबा" म्हणून, तिन्ही वेळा गायब, आणि नंतर भेटले की त्यांनाच एवढं वाईट वाटतं की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. पण हेच काका गुरुवारी कुठल्या दत्ताच्या देवळात खिचडी असते, शनिवारी कुठला मारुती, गुरुद्वारात लंगर किती वाजता, लग्नाची दाट तिथी असली की कुठल्या कार्यालयाच्या मागच्या दाराने उरलेलं देतात, सगळं तोंडपाठ सांगतात. आता हे नाटक म्हणायचं का? की इतकी वर्षं रस्त्यावर राहून डोकं चालेनासं होतं? की आधीच चालत नव्हतं म्हणून रस्त्यावर आले?

निवांत_माणूस:
सरळ आहे हो. फुकटचं लक्षात राहतं, कामाचं राहत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचंही असंच आहे, तो बेघर नाही एवढंच.

मानसी_के:
निवांतराव, सेक्रेटरीचं माहीत नाही, पण काकांचं नाटक असेल असं वाटत नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, स्मरणशक्ती-एकाग्रतेच्या चाचण्या घेणं हे रोजचंच काम. खिचडी आणि आधार या दोन्ही गोष्टी "लक्षात ठेवणं" म्हणून आपण एकाच पोत्यात भरतो, तिथेच गडबड होते. गुरुवारी आरतीची घंटा ऐकू येते, माणसं हार घेऊन जाताना दिसतात, पाय आपोआप वळतात, आठवण बाहेरून होते. सोमवारी अकराला कोण आठवण करणार? घड्याळ नाही, फोन नाही, सोमवार आणि मंगळवार दिसायला सारखेच. पुढचं काम स्वतःहून आठवणं, त्यासाठी हातातलं सोडणं, पायऱ्या क्रमाने लावणं हे मेंदूच्या पुढच्या भागावर बरंच अवलंबून असतं आणि तो भाग बिघडला तरी माणूस गप्पा छान मारतो. म्हणूनच बघणाऱ्याला वाटतं की जमतंय पण करत नाही.

आधी काय, नंतर काय, तर दोन्ही. टोरांटोत ९०४ बेघर लोकांना विचारलं होतं (२००८ चा अभ्यास), ५३ टक्के लोकांनी कधीतरी डोक्याला मार बसून शुद्ध हरपल्याचं किंवा भोवंडून गेल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या ७० टक्क्यांना पहिला मार बेघर होण्याच्या आधीच बसला होता. आकडे तिकडचे आहेत, पुण्याला जसेच्या तसे चिकटवू नका. उलट्या बाजूने बघायचं तर तमिळनाडूतले ऊस शेतकरी. ४६४ जणांची तोडणीआधी हात तंगीत असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर चाचणी घेतली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तोच माणूस, पण तंगीच्या दिवसांत कोडी सोडवायला कमी पडत होता. त्यात अर्धवट झोप, बी-१२ ची कमतरता आणि दारू असेल तर बी-१ ची, त्याने तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. पण काकांना यातलं नक्की काय आहे हे इथे बसून मी सांगणार नाही.

भोसरीचा_बाळू:
मानसीताई, वाचून मामा आठवला. गाडीवरून पडला कात्रजला, हेल्मेट नव्हतं, दहा दिवसांत घरी, दिसायला ठणठणीत. कारखान्यात सीएनसी मशीनवर होता, महिन्याभरात काढून टाकलं कारण मशीनला जॉब (कापायचा नग) लावायचा आणि मध्येच बाहेर जाऊन उभा राहायचा. चिडायला लागला, मामी माहेरी गेली ती गेलीच, मित्रांची उधारी झाली, सगळे म्हणायचे माजलाय. आजीने काय केलं तर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं, गॅस, चावी, डबा. बाहेर पडताना ती स्वतः उभी राहून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. सहा वर्षं रोज, तेव्हा कुठे वॉचमनची नोकरी टिकली. आजी नसती तर तोही तुमच्या सारसबागेच्या फुटपाथवर दिसला असता, यात मला काडीचीही शंका नाही.

रात्रपाळी:
मी तीन वर्षं एका निवारा केंद्रात काम केलंय (कुठल्या ते विचारू नका). आमच्याकडे अमुक वाजता आत, सामान कुलपात, अंघोळीचा नंबर, रजिस्टरला सही, म्हणजे ज्याला वेळापत्रक पेलत नाही त्यानेच सगळ्यात जास्त वेळापत्रक पाळायचं! मग तो निघून गेला की आम्हीच लिहायचो, "स्वेच्छेने गेला". न्यूयॉर्कमध्ये १९९२ ला सॅम त्सेम्बेरिस यांनी हे उलटं केलं, आधी खोली द्या, बाकी उपचार, कागद मागाहून, अट नाही. कॅनडात पाच शहरांत तसंच करून पाहिलं, घर टिकण्यात चांगला फरक दिसला. आपल्याकडे चेन्नईची बॅनियन ही मानसिक आजार असलेल्या बेघर बायकांसाठीची संस्था २०१५ पासून चार-पाच जणींना मिळून साध्या वस्तीत भाड्याचं घर देते, सोबतीला मदतनीस.

पेठकर, तुमच्यापुरतं सांगतो. सोमवार सोडा, त्यांच्या गुरुवारला तुमचं काम बांधा. खिचडी खाऊन झाली की तिथूनच रिक्षात बसवा. पत्त्याचा पुरावा नसला तरी मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधारला चालतं, ते आधी घेऊन ठेवा. आणि डोक्याला कधी मार लागला होता का ते विचारा, पण पहिल्याच वाक्यात नको.

निवांत_माणूस:
बाळू, आजींना नमस्कार सांग.

पेठकर_८७:
अपडेट. विचारलं, चहा पिताना. तर म्हणाले लागलं होतं ना, आणि टोपी काढून दाखवलं, उजव्या कानामागे बोटभर लांब खोक, विटांच्या ट्रकवरून पडले होते, लग्नाच्या आधी. इतकी वर्षं नुसती टोपी बघूनच पाकीट देतोय आम्ही. येत्या गुरुवारी सुट्टी टाकलीये, साडेअकराला देवळापाशी उभा राहतो, काकांना मुद्दाम काहीच सांगितलेलं नाही.