लहानपणी आई किंवा बाबा गेले, तेव्हा तुमच्या पाठीशी कोण कसं उभं राहिलं?

रामबागवाला
काल गल्लीत तेरावा होता. मुलगा सातवीतला. पंगत उठत होती आणि जो तो त्याच्या डोक्यावर हात ठेवून "आता तूच घरातला कर्ता हं" म्हणत होता. तो बुंदीचं पातेलं धरून प्रत्येकाला मान हलवत होता. रात्री मला झोप लागेना.

१९९४ साली बाबा गेले तेव्हा मी चौथीत. हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं. मी खरंच रात्री उठून दाराची कडी तपासायचो.

त्या वर्षातले लख्ख आठवतात ते वरच्या मजल्यावरचे अप्पा. दर रविवारी खाली येऊन बाबांच्या चेतकवरचं कापड काढायचे, मला फडकं द्यायचे, किक मारून दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचे. "उभी राहिली की खराब होते." बाबांबद्दल अक्षर नाही. पहिल्या रविवारी तो आवाज ऐकून आईची पोळी तव्यावर करपली. दुसऱ्या रविवारी तिने अप्पांना चहा आणून दिला.

तुमचं सांगा.

जिरावन
दादा सकाळी सकाळी रडवलंत. इंदूरच्या राजवाड्यावर पोहे खात वाचतोय, दुकानदार विचारतोय भिया तिखट झालं का.

मनीची_आई
आमच्याकडे नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची. सासूबाईंनी सांगितलं, बाबा झोपलेत. झालं! पुढे महिनाभर मला झोपू देईना. डोळा लागला की नाकाखाली बोट धरून बघायची. शेवटी बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, सरळ "मेले" म्हणा, शरीर बंद पडलं, आता दुखत नाही, म्हणा. जीभ रेटेना. पण बोट थांबलं. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांना "परत येणार नाही" हे नीट उमगतच नाही म्हणे, त्यामुळे तोच प्रश्न शंभरदा. शंभरदा तेच उत्तर द्यायचं.

सुदामानगर_२
मला तेरा दिवस देवासला आत्याकडे ठेवलं होतं. "पोराला कशाला दाखवायचं?" परत आलो तर आईची खाट नाही, साड्या वाटून टाकलेल्या, तेलाची बाटलीसुद्धा नाही. आत्याने जीव लावला, तिच्यावर राग नाही. पण एक साडी ठेवायची हो. विचारायचं तरी.

ओटा_आवरून
वाचतेय. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

मास्तरीण
शाळेच्या फॉर्मवर "पिता का नाम" पुढे स्व. लिहितात ना, माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, मॅडम स्व. म्हणजे स्वतः का? मी हो म्हणून मोकळी झाले, अजून चुटपुट लागते.
आणि वडील जाऊन चौथ्या दिवशी खो-खो खेळणाऱ्या पोराला "याला काहीच वाटत नाही" म्हणू नका. मुलं अशीच, तासभर खेळतात, मग दप्तर भरता भरता रडतात. महिनोन् महिने झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच राहिली तर १४४११६... चुकलं, १४४१६. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास.

पीएफवाले_काका
रडून झालं असेल तर कामाचं लिहितो. गेलेली व्यक्ती नोकरीत असताना गेली आणि पीएफ कापला जात असेल, तर जोडीदाराच्या पेन्शनशिवाय दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत वेगळं पेन्शन मिळतं, प्रत्येकी जोडीदाराच्या पेन्शनच्या २५ टक्के. विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाख. फॉर्म तीन: पीएफला २०, पेन्शनला १०-डी, विम्याला ५-आयएफ. माझ्या वहिनीला विम्याचं दोन वर्षं कोणी सांगितलंच नाही. भेटायला येणारे सगळे गीतेचा अध्याय सांगून जायचे.

जिरावन
काका 😄 गीतेचा अध्याय अगदी अगदी

दोन_वेण्या
बायको गेली तेव्हा मुलगी तिसरीत. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं, तर ही म्हणते, आईला कावळ्याची भीती वाटायची, तिच्यासाठी चिमणी नाही का चालणार? गुरुजी गप्प. माझी आई म्हणाली, चालेल. ताटलीत तांदूळ ठेवले. दरवर्षी ठेवतो, पोरगी आता कॉलेजात आहे.

ओटा_आवरून
आले. आमच्याकडे डबे तेरा दिवस रीघ लावून आले, चौदाव्या दिवशी कोणी नाही. फक्त समोरच्या सिंधी काकू वर्षभर दर मंगळवारी दाल-पकवान पाठवायच्या. भावाला मंगळवार हा वार पकवानचाच वाटायचा. त्यांची डाळ कशी करायच्या कोणाला माहितीये का? माझी तशी होत नाही.

मनीची_आई
चणाडाळ मऊ पण दाणा अख्खा राहील इतपत शिजवायची ताई, घोटायची नाही. वरून आमचूर.

सुदामानगर_२
रामबागवाले, स्कूटरचं पुढे काय झालं ते राहिलंच की.

रामबागवाला
बारावीनंतर अप्पांनी किल्ली हातात दिली. चौथ्या किकला लागली. आधी आडवी करावी लागली.